अल्मुदे वाइनचं, अल्मुद धान्याचं

जुन्या आयबेरियन हिशेबात ‘अल्मुदे’ किंवा ‘अल्मुद’ दिसलं की बरेच जण दोन्हींना एकच आकडा लावून मोकळे होतात. नावाचं मूळ एकच, अरबी ‘मुद्द’. पण पोर्तुगालच्या अल्मुदेनं वाइन आणि तेल मोजायचे, तर स्पेनच्या अल्मुदनं गहू-जव. त्यामुळे आधी मोजलंय काय ते बघावं, लिटरचं नंतर.

पोर्तुगीज माप त्यातल्या त्यात सरळ. 4 क्वार्तिल्योंचा एक कनाडा, 12 कनाडांचं एक अल्मुदे. लिस्बनला ते साधारण 16.8 लिटरचं, पोर्तोत मात्र 25 लिटरच्या घरात. लिस्बनचा आकडा पोर्तोच्या वाइनला लावलात तर दर मापामागे आठेक लिटरचा घोळ.

स्पेनची गोष्ट जास्त किचकट. कास्तीयमध्ये 55.5 लिटरची फानेगा, तिचा बारावा हिस्सा सेलेमिन, म्हणजे 4.6 लिटर. काही भागांत अल्मुद म्हणजे हाच सेलेमिन, काही भागांत चक्क अर्धी फानेगा, आणि नवारामध्ये जेमतेम पावणेदोन लिटर! आपल्याकडेही पायली गावोगाव बदलायची, पण इतका फरक म्हणजे कमालच.

त्यात धान्याची आणखी एक गोम. लाकडी माप भरलं की वरून दांडा फिरवून ते सपाट करायचं, की शीग तशीच ठेवायची? त्याच मापात शिगेचं धान्य बरंच जास्त बसतं, म्हणून खंड किंवा उधारी ठरवताना हा मुद्दा कळीचा असे. वाइनला शीग येत नाही, त्यामुळे तिथे गावाचं नाव कळलं की बहुतेक काम भागतं.

पोर्तुगीज धान्य मोजायचे आल्केइरेनं, लिस्बनला सुमारे 13.8 लिटर. पण द्रवाच्या मापांत आल्केइरे म्हणजे अर्धं अल्मुदे, सव्वाआठ-साडेआठ लिटर. नाव तेच, देशही तोच, तरी इथेही फसायला वाव आहेच.

स्पेननं 1849 मध्ये आणि पोर्तुगालनं 1852 मध्ये मेट्रिक पद्धत कायद्यानं स्वीकारली. फानेगा मात्र कोस्टा रिकात अजून चालते. तिथे कॉफीची ताजी फळं तिच्यानं मोजतात, आणि ती भरते 400 लिटर.