घड्याळाचा वेळ की सीपीयूचा वेळ?

दादर स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर तुम्ही दहा मिनिटं उभे राहता. तुमच्या वडापावसाठी गाडीवाल्याचे हात चालतात जेमतेम पाऊण मिनिट. बाकी सगळी रांग, आणि घाणा तेलातून निघायची वाट. ती दहा मिनिटं म्हणजे वॉल टाइम, घड्याळाचा वेळ. ते पाऊण मिनिट म्हणजे सीपीयू टाइम, प्रोसेसर प्रत्यक्ष राबला तेवढा वेळ. प्रोग्रामचा वेग मोजताना या दोघांची गल्लत होते, आणि प्लॅटफॉर्म, म्हणजे लिनक्स, विंडोज वगैरे, बदलला की हमखास होते.

लिनक्सवर किंवा मॅकवर कमांडच्या आधी 'टाइम' लिहिलं की तीन आकडे मिळतात. रिअल म्हणजे घड्याळ. यूझर म्हणजे तुमच्या कोडने खाल्लेला सीपीयू, सिस म्हणजे तुमच्या कामासाठी कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने) खाल्लेला. यूझर आणि सिसची बेरीज करून रिअलने भागा. समजा एकाच थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या, प्रोग्रामचा रिअल १२.४ सेकंद, यूझर ३.१ आणि सिस ०.६ आहे. उत्तर येतं ०.३, म्हणजे ७० टक्के वेळ प्रोग्राम डिस्कची, नेटवर्कची किंवा सीपीयू मोकळा होण्याची वाट बघत बसलाय. इथे अल्गोरिदम कितीही घासा, फारसं काही हाती लागणार नाही. उलट रिअल ३.२ आणि यूझर ११.८ दिसलं की नवखे बावचळतात. त्यात चूक काही नाही: प्रोसेसरमधले चार कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे चार भाग, एकदम राबले आणि प्रत्येकाचे सेकंद वेगळे मोजले गेले.

खरी फसगत सी भाषेतल्या क्लॉक() या फंक्शनची. लिनक्सवर ते सीपीयू टाइम देतं. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत मात्र तेच फंक्शन घड्याळाचा वेळ देतं. वाट बघणारा प्रोग्राम दोन्हीकडे चालवला तर विंडोज उगाच मंद ठरतं. पायथनमध्ये हा घोळ टळतो: घड्याळासाठी परफ_काउंटर, सीपीयूसाठी प्रोसेस_टाइम. साधं टाइम.टाइम वापरू नका. नेटवर्कवरून घड्याळ दुरुस्त झालं की ते मागेही सरकू शकतं, आणि मग उणे सेकंदांचा निकाल हातात पडतो.

दोन वेगळ्या मशीन्सची तुलना घड्याळाच्या वेळावरच करावी. सीपीयू टाइम हा फरक का पडला ते शोधायला ठेवा. तो सेकंद मोजतो, काम मोजत नाही. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत लॅपटॉपवर चाचणी लावा: पहिल्या काही फेऱ्या झरझर जातात, मग चिप तापते, तिची फ्रिक्वेन्सी उतरते आणि त्याच कामाचा सीपीयू टाइमही फुगतो. म्हणून चार्जर लावा, सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्या टाकून द्या, निदान दहा मोजा आणि सरासरीऐवजी मध्यक घ्या. 'अ' आणि 'ब' आवृत्त्या आलटून पालटून चालवा, नाहीतर सगळी उष्णता 'ब'च्या वाट्याला येते.

क्लाउडवर आणखी सावध राहा. ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई रीजन (तिथली डेटा सेंटर्स) २०१६ पासून आहे. तिथे बऱ्याच इंटेल मशीन्सवर एक व्हीसीपीयू (भाड्याने मिळणारा आभासी सीपीयू) म्हणजे अर्ध्या कोअरइतका हायपरथ्रेड, तर ग्रॅव्हिटॉन या ॲमेझॉनच्या स्वतःच्या चिपवर अख्खा कोअर. 'व्हीसीपीयू सारखेच घेतले' ही तुलना तिथेच लंगडी पडते. स्वस्त मशीनवर 'टॉप' या लिनक्स कमांडमधला एसटी हा आकडाही बघा: आपली पाळी असताना सीपीयू दुसऱ्याला दिला गेला, तो वेळ त्यात दिसतो.

आणि डेटाबेस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर मुंबईहून एका फेरीला सुमारे २०० मिलिसेकंद जातात. एकामागून एक २० क्वेऱ्या टाकल्या की चार सेकंद झाले. सीपीयू टाइममध्ये त्यांचा मागमूसही नसतो. स्क्रीनकडे बघत बसलेल्या माणसाला मात्र तेवढेच दिसतात.