मोबाइल होल्डर किंवा ब्लूटूथ संच बसवून घेण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे मोबाइल होल्डर किंवा ब्लूटूथ संच बसवून घ्यायला येणाऱ्या अनेक ग्राहकांची अशी समजूत असते की, हे साधन एकदा बसले म्हणजे गाडी चालवताना फोनवर निर्धास्तपणे बोलता येईल. ही समजूत आमच्या विक्रीच्या सोयीची असली तरी बरोबर नाही. होल्डरमुळे हात मोकळा राहतो आणि नकाशा नजरेच्या टप्प्यात येतो. बोलण्यात अडकलेले लक्ष मात्र त्यामुळे मोकळे होत नाही. म्हणून रस्ता पाहण्यासाठी होल्डर अवश्य घ्यावा, गप्पा मारण्यासाठी घेऊ नये, असे आम्ही सुचवतो.

टोरांटोमध्ये ज्यांच्या गाड्यांची टक्कर झाली होती अशा ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. फोनवर बोलणे चालू असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट होतो, असे त्यात आढळले आणि फोन हातात न धरता बोलणाऱ्यांनाही त्यातून सूट मिळाल्याचे दिसले नाही. याचे कारण संभाषणाच्या स्वरूपात आहे. शेजारी बसलेली व्यक्ती अवघड वळण किंवा मध्येच आडवा आलेला सायकलस्वार पाहून बोलता बोलता आपोआप थांबते. फोनच्या पलीकडच्या व्यक्तीला यातले काहीच दिसत नसल्यामुळे ती बोलतच राहते आणि उत्तर देण्याचे दडपण चालकावर येते. अशा वेळी चालकाचे डोळे रस्त्यावर असतात, पण समोर दिसलेल्या गोष्टीची मनात नोंद होत नाही.

संदेश वाचण्याची गोष्ट तर आणखी गंभीर आहे, कारण तेव्हा डोळेही रस्त्यावर नसतात. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर पुढे जाते, म्हणजे चार सेकंदांत वाचून होणाऱ्या संदेशासाठी शंभर मीटर अंतर न पाहता कापले जाते. सिग्नलला थांबल्यावर वाचले तर काय बिघडले, असे आम्हाला वारंवार विचारले जाते. दिवा हिरवा झाला तरी मन संदेशातच घुटमळत राहते, हे त्याचे उत्तर. गाडीतील यंत्रणेला तोंडी सूचना देण्याबाबत युटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली केलेल्या चाचण्यांत, काही यंत्रणांच्या बाबतीत सूचना देऊन झाल्यानंतरही २७ सेकंदांपर्यंत चालकाचे लक्ष पूर्णपणे परतत नसल्याचे दिसून आले.

कायद्याविषयी थोडक्यात सांगायचे तर, रस्ते वाहतुकीसंबंधीच्या १९६८ सालच्या व्हिएन्ना करारात २००६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, चालत्या वाहनात चालकाने फोन हातात धरून वापरण्यास सदस्य देशांनी बंदी घालणे अपेक्षित आहे. हात न लावता बोलण्याबाबतचे आणि पुढच्या काचेवर होल्डर लावण्याबाबतचे नियम मात्र ठिकठिकाणी वेगळे असल्यामुळे, आपण जिथे गाडी चालवता तिथले नियम आधी पाहून घ्यावेत.

होल्डरची जागा ठरवताना दोन गोष्टींना आम्ही ठाम नकार देतो : एअरबॅगचे झाकण जिथे उघडते तो भाग, आणि चालकाला रस्ता दिसण्याच्या आड येणारा काचेचा भाग. अपघातात उघडणारी एअरबॅग होल्डरला आणि फोनला प्रचंड वेगाने प्रवाशांच्या अंगावर फेकू शकते. चार्जिंगची तार गिअरच्या दांड्याभोवती किंवा पायांजवळ लोंबकळू देऊ नये. उन्हात काचेमागे ठेवलेला फोन बराच तापतो. अशा वेळी तो स्वतःच पडद्याचा उजेड कमी करतो किंवा चार्जिंग थांबवतो, आणि होल्डर काचेला चिकटवून ठेवणारी रबरी चोषणीही (सक्शन कप) सैल पडते. (हा फोनचा दोष समजून तक्रार घेऊन येणारे ग्राहक कमी नाहीत.) दुचाकीवर आणखी एक अडचण आहे. मोठ्या इंजिनाच्या सततच्या कंपनांमुळे फोनच्या कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, त्यामुळे तिथे कंपन शोषणारा होल्डरच घ्यावा. हेल्मेट आणि गाल यांच्यामध्ये फोन खुपसून बोलणे हा कोणत्याही होल्डरला पर्याय नाही.

गाडी सुरू करण्यापूर्वी पत्ता भरावा, आवाजी मार्गदर्शन चालू करावे आणि फोनमधील ड्रायव्हिंग मोड लावावा. त्यामुळे संदेशांच्या सूचना थांबतात आणि संदेश पाठवणाऱ्याला आपण गाडी चालवत असल्याचे उत्तर आपोआप पाठवण्याची सोयही अनेक फोनमध्ये असते. रस्ता चुकल्यास नकाशाला नवा मार्ग शोधू द्यावा, चालत्या गाडीत पडद्यावर बोटे फिरवू नयेत. फोन घेणे खरोखरच निकडीचे असेल तर वाहतुकीच्या बाहेर, सुरक्षित जागी गाडी पूर्ण थांबवावी. रस्त्याच्या कडेला अर्धी गाडी बाहेर ठेवून बोलणे धोक्याचेच आहे.

आमचे काही ग्राहक माल पोहोचवणाऱ्या गाड्यांचे मालक आहेत. त्यांना एक विनंती वेगळी करावीशी वाटते : चालक रस्त्यावर असताना ‘कुठे पोहोचलास’ हे विचारण्यासाठी त्याला फोन करू नये, कारण मालकाचा फोन टाळण्याची हिंमत नोकराला सहसा होत नाही. गाडीचे ठिकाण कळण्याची सोय असेल तर ती पाहावी, नसेल तर चालकाने थांब्यावर पोहोचल्यावर स्वतः फोन करावा असे ठरवून घ्यावे.

होल्डर बसवून घ्यायला येताना फोन त्याच्या नेहमीच्या कव्हरसह आणावा, म्हणजे पकड त्याच जाडीला जुळवून देता येईल. बसवल्यानंतर चालकाच्या आसनावर आपण स्वतः बसून, मान न वळवता नकाशा दिसतो ना आणि समोरचा रस्ता कुठेही झाकला जात नाही ना, हे तपासल्याशिवाय आम्ही काम पूर्ण झाले असे मानत नाही.