बायोचार आणि बायोकोल: एक मातीसाठी, दुसरा भट्टीसाठी

माळव्यातली गव्हाची नरवाई (कापणीनंतर उरलेली काडी), सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), निमाडातल्या पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) यांपासून दोन काळे पदार्थ तयार होतात. बायोचार शेतात घालायचा असतो, बायोकोल पीथमपूरसारख्या कारखानदारीच्या ठिकाणच्या बॉयलरमध्ये जाळायचा. पूड केली की दोन्ही सारखेच दिसतात.

खरा फरक तापमानाचा. काडीकचरा हवा रोखून 200 ते 300 अंशांवर अर्धा-पाऊण तास भाजला की बायोकोल होतो. 100 किलो सुक्या काड्यांमधून साधारण 70 किलो माल उरतो, पण ऊर्जा 90 टक्क्यांच्या आसपास टिकते. तापमान 450 ते 600 अंशांवर नेलं की जळाऊ वायू निघून जातात आणि जेमतेम 25-30 किलो बायोचार हाती येतो. तो सहजी कुजत नाही, त्याच्या छिद्रांत पाणी आणि अन्नद्रव्यं धरली जातात.

दोन्हींची अदलाबदल झाली, तर बायोकोल शेतात टाकणं ही जास्त महागात पडणारी चूक. तो अर्धवट भाजलेला असल्याने जिवाणू त्यावर तुटून पडतात, त्यासाठी मातीतला नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. शिवाय त्यातला डांबरी अंश उगवण दाबतो. घेण्याआधी चिमूटभर पूड तळहातावर चोळा आणि नुसत्या पाण्याने धुवा. तेलकट डाग राहिला, धुरकट वास आला, तर तो माल मातीत घालू नका.

गव्हाच्या काडीत पोटॅश भरपूर असतं. बॉयलरमध्ये त्यामुळे राख वितळून जाळीवर खडे धरतात. शेतात मात्र तेच पोटॅश कामाचं. म्हणून भट्टीसाठी पऱ्हाट्या बऱ्या.

बायोचार शेतावरच करता येतो. वर 5 फूट रुंद, 3 फूट खोल, खाली निमुळता होत जाणारा खड्डा घ्या. पऱ्हाट्या कडकडीत वाळलेल्या हव्यात, ओलावा 15 टक्क्यांच्या आत. ढीग वरून पेटवा. निखाऱ्यांवर पांढरी राख धरू लागली की लगेच पुढचा पातळ थर द्या: वरची ज्वाळा खालच्या थराला हवा मिळू देत नाही. उशीर केला तर राखच उरते, घाईने जाड थर टाकला तर धूर होतो. शेवटी भरपूर पाणी ओता. नुसती माती लोटली तर आत निखारे धुमसत राहतात. उघड्या खड्ड्यात उतारा बंद भट्टीपेक्षा कमीच मिळतो.

आपली काळी माती आधीच क्षारीय, सामू (pH) बहुधा 7.5 ते 8.5. बायोचारही क्षारीय, त्यामुळे आम्लधर्मी जमिनीत दिसतो तसा चमत्कार इथे अपेक्षू नये. राख चाळून बाजूला काढा, बायोचार तेवढ्याच मापाच्या शेणखतात मिसळून ओलसर ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी वापरा. कोरा घातला तर तो सुरुवातीला खतच शोषून घेतो. चौरस मीटरला अर्धा किलो, म्हणजे एकरी सुमारे 2 टन, आणि तेही आधी एका वाफ्यात.

स्वयंपाकघरातला ओला कचरा या दोन्हींसाठी निरुपयोगी: तो सुकवण्यातच बरीचशी उष्णता खर्ची पडते. त्याची जागा बायोगॅसच्या टाकीत. इंदूरच्या देवगुराडियाचा, 2022 साली रोज 550 टन क्षमतेने सुरू झालेला प्रकल्प त्यासाठीच आहे.