हलत्या हेलिकॉप्टरमधला न हलणारा कॅमेरा

हेलिकॉप्टरमधून चित्रण करायचं तर कॅमेरा वर नेणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. खरं दुखणं पुढे सुरू होतं. कॅमेरा जेमतेम १ अंशाने कलला, तरी १ किलोमीटरवर त्याचा रोख साडेसतरा मीटरने चुकतो. झूम करून पकडलेली मोटार पडद्यावरून नाहीशी व्हायला एवढं पुरे. आणि हेलिकॉप्टर हे अखंड थरथरणारं यंत्र.

बातमीसाठी टीव्हीचा कॅमेरा हेलिकॉप्टरमधून आकाशात नेणारा पहिला माणूस म्हणजे लॉस एंजेलिसच्या केटीएलए वाहिनीचा अभियंता जॉन सिल्वा. ३ जुलै १९५८ रोजी त्याने भाड्याच्या बेल हेलिकॉप्टरमध्ये टीव्हीची सगळी यंत्रणा बसवून चाचणी घेतली, पण खाली चित्रच पोचेना. हा पठ्ठ्या हवेतच बाहेर पडून हेलिकॉप्टरच्या पायदांडीवर उतरला आणि प्रक्षेपक तपासून आला. हादऱ्यांनी आणि उन्हाच्या तापाने यंत्रातली निर्वात नळी दगावली होती. रात्रभर खटपट करून दुसऱ्या दिवशी चित्र मिळालं. थरथरीने पहिला बळी घेतला तो असा, चित्र हलायच्याही आधी.

सिनेमावाल्यांनी आपापली तोड काढली. फ्रान्समध्ये दिग्दर्शक आल्बेर लामोरिसने हेलिकॉप्टरमधून स्थिर चित्रणाची ‘हेलिव्हिजन’ ही पद्धत बनवली (१९७० मध्ये इराणात चित्रण करतानाच हेलिकॉप्टर कोसळून तो गेला). अमेरिकेत नेल्सन टायलरने कॅमेरा बसवायचा, समतोल साधलेला सांगाडा तयार केला. पण कॅमेरामन अजून उघड्या दारात बसून हातानेच कॅमेरा फिरवत होता. रुंद दृश्याला हे चालून जायचं, लांब लेन्स (दूरचं जवळ दाखवणारी) लावली की पितळ उघडं पडायचं.

कोडं सुटलं ते लष्करी कामातून. वेस्टिंगहाउस कॅनडात नॉक्सन लेविट लष्करासाठी स्थिर कॅमेऱ्यावर काम करत होता. त्यातून ‘वेस्कॅम’ हा स्थिर कॅमेरा आला. नावातला ‘वेस’ वेस्टिंगहाउसचाच. १९७४ मध्ये लेविटने इस्टेक ही स्वतःची कंपनी काढून तो पुढे नेला, आणि १९९० मध्ये त्याबद्दल ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. कल्पना भोवऱ्याचीच आहे. सायकलचं चाक आसाला दोन्ही हातांनी धरा, कुणाला तरी जोरात फिरवायला सांगा आणि मग ते कलवून पाहा. चाक चक्क हुज्जत घालतं. वेस्कॅमच्या घुमटात कॅमेऱ्याशेजारी अशीच जड चाकं गरगरत ठेवलेली असत. हेलिकॉप्टर कितीही डुलो, कॅमेरा आपली दिशा सोडायला राजी नसे. चालवणारा आत बसून पडद्याकडे बघत खुंटी फिरवी. हात कॅमेऱ्यावरून निघाला, हीच मोठी क्रांती.

पुढे चाकंही गेली. काचतंतूच्या वेटोळ्यातून दोन्ही दिशांनी प्रकाश सोडायचा, वेटोळं जरा फिरलं की दोन्हींच्या वेळेत सूक्ष्म फरक पडतो, तो मोजून मोटारींनी कॅमेरा तेवढाच उलट फिरवायचा. यामागचं तत्त्व फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ साग्नाकने १९१३ मध्येच दाखवलं होतं.

माझ्या मते या यंत्राने स्थैर्यापेक्षा मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे अंतर. लांब लेन्स वापरता आली म्हणून हेलिकॉप्टर दूर राहू शकलं. बीबीसीच्या २००६ च्या ‘प्लॅनेट अर्थ’ मालिकेत आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांची शिकार वरून सलग दिसते. हेलिकॉप्टर डोक्यावर घोंघावत असतं तर कुत्रे आणि सावज दोन्ही पांगले असते. बातम्यांत मात्र हेच अंतर चटकही लावून गेलं. १७ जून १९९४ ला खुनाचा आरोप असलेला माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन ज्या पांढऱ्या ब्रॉन्को मोटारीत होता, ती पोलिसांपुढे पळत होती, वर हेलिकॉप्टरांचा थवा होता आणि अमेरिकेत सुमारे साडेनऊ कोटी लोक ते बघत होते. मोटारींचे पाठलाग थेट दाखवायची चटक तिथल्या वाहिन्यांना अजून आहे.

आज हेच काम नखाएवढी चिप करते. लग्नातला ड्रोनवाला ड्रोन चालू करतो तेव्हा नीट बघा: मान टाकून पडलेला कॅमेरा एकदा वर, एकदा खाली, मग डावी-उजवीकडे बघतो आणि सरळ होतो. मग ड्रोन हातात धरून वाकडातिकडा केला, तरी त्याची नजर हलत नाही.