विनाशाची ‘नांदी’ होते का?

‘भूजलाचा बेसुमार उपसा ही विनाशाची नांदी’ अशी वाक्यं मराठी अग्रलेखांत इतकी रुळली आहेत की त्यांत काही वावगं असेल असं मनातही येत नाही. संस्कृत जाणणाऱ्यांना मात्र ती खटकतात. नांदी म्हणजे आशीर्वाद, मग तो विनाशाच्या दारात कसा उभा करायचा, असा त्यांचा सवाल. व्युत्पत्तीपुरता हा आक्षेप बिनतोड आहे. पण आपल्याकडे हा शब्द रुळला तो नाटकाच्या थिएटरात, आणि तिथे येईपर्यंत तो पुष्कळ बदललेला होता.

नाट्यशास्त्रात नांदी हे पूर्वरंगाचं, म्हणजे नाटकाआधीच्या विधींचं, एक अंग. देव, ब्राह्मण, राजा यांच्यासाठीचं आशीर्वचन सूत्रधाराने मध्यम स्वरात म्हणायचं, एवढंच तिचं मूळ काम. पुढचं कथानक सुचवण्याची जबाबदारी नाटककारांनी तिच्या गळ्यात घातली. ‘मुद्राराक्षसा’च्या नांदीत पार्वती शंकराला विचारते, तुमच्या डोक्यावर ही कोण भाग्यवती? आणि तो गंगेला लपवण्यासाठी शब्दांत खेळत राहतो. पुढचे सात अंक कपटकारस्थानांचेच आहेत. ‘स्वप्नवासवदत्ता’चा मंगलश्लोक बलरामाच्या बाहूंचं वर्णन करतो, पण त्याची अक्षरं वेगळी तोडून वाचली की उदयन, वासवदत्ता, पद्मावती आणि वसंतक अशी चार पात्रं बाहेर पडतात. (त्या श्लोकाला नांदी म्हणायचं की नाही यावरही वाद आहे, कारण त्याच्या आधीच ‘नान्द्यन्ते’, म्हणजे ‘नांदी संपल्यावर’, अशी रंगसूचना येते. तो इथे नको.)

खरं तर पुढची घटना नकळत सुचवण्यासाठी संस्कृत नाट्यशास्त्राकडे ‘पताकास्थान’ असा नेमका शब्द होता. ‘उत्तररामचरिता’त राम सीतेबद्दल म्हणतो, हिचा विरह तेवढा असह्य, आणि त्याच क्षणी प्रतिहारी, म्हणजे द्वाररक्षिका, ‘देवा, आला आहे’ म्हणत आत येते. आलेला असतो दुर्मुख हा रामाचा हेर, पण विरहच आला असं ऐकू येऊन प्रेक्षक चरकतो. एवढा चांगला शब्द मराठीत उत्तरपत्रिकेबाहेर पडला नाही.

नांदी मात्र बाहेर पडली, आणि त्याचं श्रेय 1880 सालाला द्यावं लागेल. सांगलीत 1843 साली झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या खेळापासून मंगलाचरण, गणपती, सरस्वती हा क्रम मराठी रंगभूमीवर होताच. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ उभं राहिलं तेव्हा मूळ संस्कृत नांदीतला अष्टमूर्ती शिव बाजूला राहिला आणि ‘पंचतुंड नररुंडमालधर’ हे पद आलं. त्यात काय आहे ते नीट ऐकावं. आधी शंकराला वंदन, मग विघ्नं दूर करणाऱ्या गणपतीला, आणि पुढे कवी स्वतःविषयीच बोलू लागतो: कालिदासाचं शाकुंतल गाण्यात रचतो आहे, अंगात तेवढं बळ नसताना हा भार डोक्यावर घेतो आहे, रसिकांची वाणीच्या फुलांनी पूजा करतो आहे. प्रेक्षकांना आशीर्वाद नाही. दुर्वासाचा शाप, हरवलेली अंगठी यांची पुसटशी चाहूलही नाही.

पुढे हेच पद दुसऱ्या नाटकांच्या आधी आणि नाट्यसंमेलनांतही म्हटलं जाऊ लागलं. ‘शाकुंतल रचितो’ असं गाऊन झाल्यावर पडदा भलत्याच नाटकावर उघडतो, आणि त्यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही. तिसरी घंटा, ऑर्गनचा सूर, धुपाचा वास आणि नांदी. खेळ आता सुरू होणार, एवढंच प्रेक्षकाला त्यातून कळतं. वृत्तपत्रांतली नांदी ही माझ्या मते याच नांदीची लेक आहे. शुभ काय नि अशुभ काय हा प्रश्न थिएटरातच मागे पडला होता. ‘आधी येणारं’ हा अर्थ तेवढा उरला. एकदा एवढंच उरल्यावर ती क्रांतीची असो की विनाशाची, अडवायचं कोणत्या तोंडाने? आक्षेप घेणारे नांदीश्राद्धाकडे बोट दाखवतात. लग्नामुंजीच्या आधीचा तो विधी मंगलच असतो, हे खरं. पण ज्या मंगलविधीच्या नावात ‘श्राद्ध’ निमूटपणे बसतं, त्याचा दाखला देऊन शब्दांच्या सोवळ्याचा आग्रह धरणं जरा अवघडच.

माझी तक्रार निराळी आहे, ती क्रियापदाबद्दल. नांदी ‘ठरते’, आणि ठरते ती मागाहून. ‘29 मार्च 1857 ला बराकपूरच्या छावणीत झाडलेली गोळी उठावाची नांदी ठरली’ हे वाक्य 10 मे रोजी मेरठ पेटल्यानंतरच लिहिता येतं. एप्रिलमध्ये लिहिणाऱ्याने ‘चिन्ह’, ‘लक्षण’ किंवा ‘चाहूल’ म्हणावं. हल्ली पोटनिवडणुकीचा निकाल लागला की त्याच संध्याकाळी सत्तांतराची नांदी होऊन जाते. नाटक लागणार की नाही हे ठाऊक नसताना नांदी म्हणून मोकळं व्हायचं! त्यातच ‘नांदीची सुरुवात झाली’ असंही कुणी लिहितं, म्हणजे सुरुवातीचीही सुरुवात.

शेजारचा ‘सूतोवाच’ हा शब्दही असाच घसरतो आहे. पुराणांतल्या ‘सूत उवाच’ (पुराण सांगणारा सूत म्हणाला) यामधून आलेल्या या शब्दाला बोलणारा माणूस लागतो: अर्थमंत्र्यांनी करवाढीचं सूतोवाच केलं, हे ठीक. ‘वळवाच्या सरींनी पावसाळ्याचं सूतोवाच केलं’ असं छापून येतं तेव्हा सरींना तोंड फुटतं. याबद्दल मात्र विनाशाच्या नांदीवर रागावणारेही फारसे बोलत नाहीत.