पानफुटी सकाळी आंबट का असते?

"बेडरूममध्ये स्नेक प्लांट ठेवा, तो रात्रभर ऑक्सिजन देतो" हा संदेश वर्षानुवर्षं फोनवर फिरतोय, आणि नर्सरीतही तेच सांगून कुंडी हातात दिली जाते. हे चूक आहे. पण ज्या खऱ्या गोष्टीचा विपर्यास होऊन हा समज तयार झाला, ती फार विलक्षण आहे. अंगणात किंवा गच्चीवर दगडांची बाग करणाऱ्यानं ती समजून घ्यायलाच हवी, कारण तिथली रोपं का मरतात याचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

उन्हात वाढलेली पानफुटी घ्या. सकाळी सहाला एक पान तोडून दोन चमचे पाण्यात चेचा आणि रसात पीएच कागदाची पट्टी बुडवा. त्याच झाडाचं तेवढंच पान संध्याकाळी पाचला तोडून तसंच करा. सकाळचा रस साधारण चारच्या आसपास भरतो, संध्याकाळचा साडेपाचच्या पुढे. अंक जितका लहान, तितकं आम्ल जास्त. पीएचमधला एक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक! बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं भारतात असताना ही पानं चक्क चाखली आणि 1813 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गविज्ञान संस्थेकडे लिहिलेल्या पत्रात नोंदवलं: सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडसर. तुम्ही मात्र पट्टीवरच भागवा. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. मुतखड्यावर ही पानं रोज चावून खायला सांगणारे हे सांगत नाहीत.

हे आम्ल येतं कुठून? आंब्याची किंवा गुलाबाची पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रं, दिवसा उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेनं पाण्याची वाफ बाहेर जाते. पुण्यातला एप्रिलमधला दिवस धरा. दुपारी 38 अंश तापमान, हवेत 25 टक्के आर्द्रता. पानाच्या आतली हवा बाष्पानं भरलेलीच असते, तिथला बाष्पदाब (वाफेचा दाब) 6.6 किलोपास्कल, बाहेरचा 1.7. फरक जवळपास 5. त्याच रात्री 20 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर आत 2.3 आणि बाहेर 1.4, फरक फक्त 0.9. तेच रंध्र रात्री उघडलं तर पाण्याची गळती पाचव्या हिश्शावर येते.

कोरफड, घायपात, फड्या निवडुंग, जेड, पानफुटी आणि तो स्नेक प्लांट नेमकं हेच करतात. अडचण एवढीच की रात्री ऊन नसतं आणि आलेला वायू पानात तसाच कोंडून ठेवता येत नाही. म्हणून पेशी तो बायकार्बोनेटच्या रूपात घेते. पेप कार्बोक्सिलेज नावाचं विकर (एन्झाइम) तो तीन कार्बनच्या रेणूला जोडतं, चार कार्बनचा रेणू होतो आणि त्याचं मॅलिक आम्ल बनतं, कच्च्या सफरचंदात असतं तेच. हे आम्ल पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या द्रवाच्या पिशवीत, साठत जातं. ही पानं जाड का, तर त्यांच्या रिक्तिका प्रचंड मोठ्या असतात. त्या पाण्याच्या टाक्याही आहेत आणि आम्लाच्याही. ऊन आलं की रंध्रं मिटतात, आम्ल बाहेर येतं, फुटतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रुबिस्को हे विकर दाराआड बसून त्याची साखर बनवायला घेतं. पानफुटीच्या क्रॅसुलेसी कुळावरून या प्रक्रियेला क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबोलिझम, थोडक्यात कॅम म्हणतात. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवायला आंब्या-गुलाबासारखी झाडं 400 ते 500 ग्रॅम पाणी खर्चतात. कॅम वनस्पती 50 ते 100 ग्रॅममध्ये भागवतात.

आता ऑक्सिजनचं. तो पाण्याचा रेणू फुटून तयार होतो आणि त्याला प्रकाश लागतोच. तेव्हा स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो हे खरं, ऑक्सिजन देतो हे खोटं. माणूस दिवसाला सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. चौरस मीटरभर पानं रात्रभरात त्यातले काही ग्रॅमच उचलतात. जेडनं पैसा येतो आणि काटेरी झाडानं घरात भांडणं होतात, यांना तर एवढाही आधार नाही.

कॅमला रात्र थंड लागते. 15 ते 20 अंशांना आम्ल भराभर साठतं. कोकणपट्टीत मे महिन्यात रात्रीही 26-27 अंश असतात, तेव्हा साठवण मंदावते. मेक्सिकोच्या उंच डोंगरातली एचेवेरिया मुंबईत कुजते ती म्हणूनही: झाडाचं खाणं-पिणं मंदावलेलं आणि मुळाशी रोज पाणी. किनारपट्टीवर घायपात, कोरफड, स्नेक प्लांट, युफोर्बिया निवडा. एचेवेरिया नाशिक-पुण्याकडे ठेवा. युफोर्बिया छाटताना हातमोजे घाला, चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. पाणी संध्याकाळी द्या, म्हणजे रंध्रं उघडण्याच्या वेळी ते मुळाशी असतं.

सहा फूट लांब, चार फूट रुंद, फूटभर उंच वाफ्याला 24 घनफूट मिश्रण लागतं: 10 घनफूट विटांचे 5 ते 8 मिलिमीटरचे तुकडे (चाळून, भुकटी काढून), 6 जाड वाळू, 6 लाल माती, 2 पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. काळी माती नको. ती पाण्यानं फुगते आणि हवेच्या पोकळ्या बुजतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट हळू पसरतो, त्यामुळे चिंब मातीत मुळं आधी गुदमरतात, मग बुरशी आणि जिवाणू येतात. तळाशी खडीचा थर देण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तोही ऐकू नका. बारीक मातीतलं पाणी वरची माती पूर्ण भिजेपर्यंत खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरतच नाही. ओलावा उलट मुळांच्या जवळ अडकतो. त्यापेक्षा वाफ्याला उतार द्या.

दगड एक तृतीयांश पुरा आणि किंचित मागे कलते ठेवा. काळा बेसाल्ट दुपारी चटका बसेल इतका तापतो, म्हणून रोप त्याच्या पूर्वेला, चार बोटं अंतर सोडून लावा. बुंध्याभोवती दोन-तीन सेंटिमीटर बारीक खडी पसरा, म्हणजे मान कोरडी राहते. हिवाळ्यात 10 ते 15 दिवसांनी पाणी पुरतं. जून ते सप्टेंबर वरून पाणी बंद, आणि वाफ्यावर तीन फूट उंचीवर पारदर्शक पत्रा, चारही बाजू उघड्या.

पानं खालून सुरकुतली तर पाणी कमी आहे. पाणचट, पारदर्शक होऊन हात लावताच गळली तर जास्त झालंय. अशा वेळी खोड छाटत जा. कापात तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत थांबू नका. तुकडा सावलीत सात दिवस सुकवून कोरड्या मिश्रणात खोचा, पहिलं पाणी आणखी आठवड्यानं.

सह्याद्रीच्या कड्यांवर, शिवनेरी आणि सज्जनगडासारख्या ठिकाणी, शिंदळ माकडी वाढते, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. पावसाळ्यात तिला पानं येतात आणि ती पानं आंब्यासारखी दिवसा रंध्रं उघडतात. पाऊस संपला की पानं गळतात आणि उरलेलं मांसल खोड कॅमवर चालतं. एकाच झाडात दोन्ही पद्धती! जंगलातून ती उपटू नका, ती दुर्मिळ आहे. लागवडीतून तयार केलेलंच रोप घ्या. दोन दगडांच्या फटीत, कपचीभरल्या मातीत, खोड खाली लोंबेल असं लावा. किरमिजी, पिवळ्या ठिपक्यांचं चांदणीसारखं फूल येतं. हिवाळ्यात पानं गळाली म्हणून पाणी वाढवू नका. खोड बोटाला घट्ट लागतंय तोवर जूनपर्यंत वाट पाहा.