टांगलेले तीन किलोमीटर

जतकडे मार्च लागला की बोअरच्या गाड्या फिरायला लागतात. गेल्या उन्हाळ्यात पाहुण्यांच्या शेतात अशीच एक रात्रभर घरघरत होती. गाडीवरची तमिळ पोरं वीस फुटी रॉडला रॉड जोडत होती, कॉम्प्रेसरच्या हवेनं फुफाटा उसळत होता आणि पाहुणे बांधावर बसून रॉड मोजत होते. बिल फुटावर होतं ना! एकविसावा रॉड गेला तेव्हा मी सहज म्हणालो, तेलाच्या विहिरी तीन-तीन किलोमीटर जातात. कशाला, आपल्या सातारा जिल्ह्यातच कोयनेजवळ गोठण्याला भूकंपाच्या अभ्यासासाठी ३,०१४ मीटर भोक पाडलंय. वरचा सव्वा किलोमीटर निव्वळ काळा दगड, खाली ग्रॅनाइट.

पाहुणे म्हणाले, "मग वरनं रेटायला ताकद केवढी लागत आसंल!"

रेटतच नाहीत. गंमत तिथंच आहे.

तेलविहिरीवर सर्रास दिसणारा ड्रिल पाइप पाच इंच व्यासाचा, साधारण साडेनऊ मीटर लांब, पोलादाची भिंत जेमतेम ९ मिलिमीटर. असे तीनशेच्या वर जोडले की तीन किलोमीटर भरतात. जाडीच्या मानानं ही लांबी म्हणजे शिवणाचा पाव मिलिमीटरचा दोरा सहा मीटर सोडावा, तेवढी. दोरा वरून ढकलला तर त्याचा गुंताच होणार. म्हणून पाइप मनोऱ्याला टांगून ताणात ठेवतात. बिटवर, म्हणजे दगड फोडणाऱ्या टोकावर, भार येतो तो तळाच्या जाडजूड, वजनदार नळ्यांचा. त्यांना ड्रिल कॉलर म्हणतात. ड्रिलर वरून दाबत नाही. हूक किती सैल सोडायचा, एवढंच बघतो. मात्र सगळ्यात वरच्या पाइपच्या त्या ९ मिलिमीटर भिंतीवर खालच्या सुमारे ९० टन पोलादाचा भार असतो. विहिरीतल्या चिखलामुळे तो थोडा हलका होतो, इतकंच.

हा चिखल, म्हणजे 'मड', पाइपच्या पोकळीतून खाली जातो, बिटच्या भोकांतून सुटतो आणि दगडाचा चुरा घेऊन पाइपच्या बाहेरून वर येतो. बोअरला हवा चालते, इथं नाही. खोलवर तेल-वायू दाबाखाली असतो. त्याला थोपवायला वजनदार चिखलाचा स्तंभच लागतो. त्यासाठी बेंटोनाइट मातीत जड बराइट घालतात.

पाइपचा खरा वैरी वजन नव्हे, वाक. भोक कधीच सरळ ओळंब्यात उतरत नाही. वाकलेल्या जागी पाइप फिरला की त्याची एकच बाजू आळीपाळीनं ताणली आणि दाबली जाते. बाइंडिंगची तार मागं-पुढं वाकवून आपण तोडतो, तोच प्रकार. मिनिटाला १०० फेरे धरले तरी दिवसात १,४४,००० वेळा. आधी केसासारखी चीर पडते, तिच्यातून मड जोरात सुटतो आणि लोखंड खरवडत भोक मोठं करतो. वर याची चाहूल पंपाच्या काट्यावर लागते: काहीही न बदलता दाब उतरायला लागतो. काटा बघूनही दुर्लक्ष केलं, तर पाइप तुटून खाली राहतो. मग तो आकड्यांनी, पकडींनी हुडकून काढायचा. त्या खटाटोपाला 'फिशिंग' म्हणतात.

हे सांगितल्यावर पाहुणे हसले. त्यांच्या जुन्या बोअरात असाच एक हॅमर, दगड फोडणारा ठोका, अडकलाय. काढायला कुणी गळ टाकलाच नाही. वर फरशी ठेवलीय, तिच्यावर शेळी बांधतात.